पूल : लांबून मारल्यावर क्यू बॉल मागे का येत नाही?

रेषेबाहेर :

पूल खेळणाऱ्या मंडळींना एक नेमका प्रश्न विचारायचा आहे. ऑफिस सुटलं की ठाण्यातल्या एका पार्लरमध्ये जातो, एट बॉल खेळतो. पॉटिंग, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये घालणं, बऱ्यापैकी बसलं आहे. सरळ बॉल जातात, अर्धा कट (बॉल तिरका कापून मारायचा शॉट) असला तरी जातात. अडतं ते पुढच्या बॉलसाठी व्हाईट, म्हणजे क्यूने मारायचा पांढरा क्यू बॉल, जागेवर आणताना, आणि त्यातही बॅक घेताना, म्हणजे धडकेनंतर तो मागे आणताना.

समोरचा बॉल वीतभर अंतरावर असेल तर व्हाईट छान मागे येतो. तोच बॉल अर्ध्या टेबलावर गेला की व्हाईट धडकून जागच्या जागी थांबतो, कधी तर उलट पुढेच चालू लागतो. म्हणून जोर वाढवावा तर मिसक्यू होतो (क्यू बॉलवरून निसटतो), नाहीतर व्हाईट टुणकन उडतो.

व्हिडिओ भरपूर पाहिलेत. सगळ्यांचं सांगणं एकच : खाली मारा आणि फॉलो थ्रू ठेवा. पण खाली म्हणजे किती खाली? आणि बॉल टिपेपासून (क्यूच्या कातडी टोकापासून) सुटल्यावर क्यू पुढे गेला काय न गेला काय, फरक का पडावा? मला कारणासकट समजून घ्यायचं आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.


दणकेबाज :

मनगट! बाकी सगळं नंतर. टिप बॉलला लागायच्या क्षणी मनगटाला झटका द्यायचा, व्हाईट आपोआप मागे येतो. आमच्या डोंबिवलीत सगळी पोरं असंच खेळतात. आणि जोर लागतोच, हळू मारून लांबचा बॅक कधीच येणार नाही.


घर्षणगुणांक :

रेषेबाहेर, तुमचा बॉल अर्ध्या टेबलावर का थांबतो याचं उत्तर कापडात आहे.

मध्याच्या खाली टिप लागली की क्यू बॉल गडगडत जात नाही. तो पुढे घसरत जातो आणि घसरताना उलटा फिरत असतो. त्याचा खालचा भाग कापडाला घासतो, आणि ते घासणं दोन गोष्टी खातं : बॉलचा वेग आणि त्याची उलटी फिरकी. ही दोन्ही सारख्या दराने खाल्ली जात नाहीत. बॉल भरीव गोळा असल्यामुळे त्याच्या पृष्ठभागाची फिरकी वेगाच्या अडीच पट दराने उतरते. घर्षणगुणांक ०.२ धरला तर एका सेकंदात वेग सुमारे २ मीटर प्रतिसेकंद इतका घटतो आणि फिरकी तब्बल ५ ने. म्हणजे बॉल जोरात चाललेला दिसतो, पण त्याच्या पोटातला बॅक वाटेतच संपलेला असतो.

समोरच्या बॉलवर पूर्ण, सरळ धडक बसली की क्यू बॉलचा पुढचा वेग जवळजवळ सगळा त्या बॉलला जातो. क्यू बॉलकडे उरते ती फक्त फिरकी. उलटी फिरकी उरली असेल तर कापड त्याला मागे ढकलतं. अगदी शून्य उरली असेल तर तो जागीच थांबतो. वाटेत फिरकी संपून तो सरळ गडगडायला लागला असेल तर धडकेनंतर पुढे जातो. तुम्ही सांगितलेले तिन्ही प्रकार एकाच गोष्टीच्या तीन अवस्था आहेत.

आता 'खाली म्हणजे किती'. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे त्रिज्या साधारण साडेअठ्ठावीस. मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्याहून, म्हणजे सुमारे १४ मिलिमीटरहून, खाली गेलात की टिप निसटते. तो मिसक्यू. तेवढ्या हद्दीतच खेळायचं आहे.

कागदावर गणित मांडून पाहिलं. समोरचा बॉल १ मीटरवर, क्यू बॉलचा वेग ३ मीटर प्रतिसेकंद, धडक अगदी सरळ. मध्यापासून साडेआठ मिलिमीटर खाली मारलं तर व्हाईट जेमतेम चार-पाच सेंटिमीटर मागे येतो. तेरा मिलिमीटर खाली मारलं तर तोच व्हाईट पाऊण-एक मीटर मागे येतो. जोर तोच, टिप फक्त साडेचार मिलिमीटर खाली, आणि एवढा फरक! कापड बदललं की आकडे हलतील, पण प्रमाण असंच राहतं.

दणकेबाज, मनगटाबद्दल. टिप आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते, फार तर दोन हजारांश. तेवढ्यात मनगटाने वेगळं काही करणं शक्यच नाही. बॉलला कळतं ते इतकंच : टिप कुठे लागली, किती वेगाने लागली आणि क्यू कोणत्या कोनात होता.


दणकेबाज :

मग वेग आलाच ना त्यात! मनगटाने वेग वाढतो. मी तेच म्हणतोय.


घर्षणगुणांक :

वेगाचं महत्त्व मी नाकारत नाही. त्याच गणितात साडेआठ मिलिमीटरवरच मारून वेग ३ वरून ४ केला तर व्हाईट तेरा मिलिमीटरवाल्या शॉटइतकाच, किंबहुना थोडा जास्तच मागे येतो. शिवाय बॅक किती अंतरापर्यंत टिकतो ते वेगाच्या वर्गाने वाढतं. म्हणून हळू मारून लांबचा बॅक येत नाही हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण एक तृतीयांश वेग वाढवायचा म्हणजे खांदा, कोपर, पकड सगळं हलायला लागतं. टिप वर सरकते आणि पॉटही चुकतो. आधी उंची पक्की करावी, मग तीच उंची टिकेल एवढाच वेग चढवत न्यावा. शिकणाऱ्याने याच क्रमाने जावं असं माझं ठाम मत आहे.


मार्करचा_पुतण्या :

घर्षणगुणांक यांनी कारण सांगितलं, मी हाताचं सांगतो. माझे काका पुण्यात एका क्लबात मार्कर (टेबल सांभाळणारे, गुण मोजणारे) होते. बिलियर्ड्सच्या टेबलावर त्यांनी मेंबरांच्या दोन पिढ्या शिकवल्या. मी त्यांच्याकडूनच शिकलो.

बॅक घेताना लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे क्यूचा मागचा भाग उचलतात. वाटतं की मागून उचललं की टिप खाली जाईल. टिप खाली जाते हे खरं, पण क्यू तिरपा होतो आणि बॉलला वरून खाली दाबतो. मग बॉल कापडाखालच्या स्लेटवर आपटून उडतो. तुमचा व्हाईट टुणकन उडतो त्याचं कारण हेच. त्यात टिप जरा डाव्या-उजव्या बाजूला लागली तर बॉल वाकडाही जातो, आणि पॉट का चुकला ते कळतही नाही.

खाली न्यायचा तो पुढचा हात, म्हणजे क्यू ज्यावर टेकतो तो ब्रिज. काका म्हणायचे, "ब्रिज बसव, क्यू उचलू नको." उघडा ब्रिज असेल तर तळवा सपाट करत न्यायचा. करंगळीची बाजू आणि तळव्याची टाच टेबलाला टेकलेली, बोटं पसरलेली, आणि अंगठा तर्जनीच्या बुडाशी लागून जी खाच होते ती जितकी खाली आणता येईल तितकी. अंगठ्याचं टोक वर ताठ उभं ठेवलं तर खाच उंचच राहते, तो जरा आडवा पाडला की ती खाली येते. बंद ब्रिज म्हणजे तर्जनीची कडी असेल तर मधलं बोट घडी करून तळव्याखाली घ्या, कडी आपोआप बसते. कडी घट्ट नको, क्यू सहज सरकला पाहिजे. घामेजलेल्या हाताला क्यू अडकतो, तेव्हा ग्लोव्ह घाला किंवा हात धुऊन कोरडा करा. पावडर टेबलावर सांडू नका, दुसऱ्याच्या खेळाचा सत्यानाश होतो.

मागची पकड सैल. मूठ आवळलीत की क्यूचं टोक हललंच. टिप बॉलजवळ असताना कोपरापासून खालचा हात सरळ खाली लोंबता हवा. कोपर धडकेआधीच खाली आलं तर क्यूची मागची बाजू खाली जाते आणि ब्रिजवर तोलून पुढची टिप वर येते. तुम्हाला वाटत राहतं की खालीच मारलं.

आणि फॉलो थ्रू. बॉल सुटल्यावर क्यू काय करतो याने बॉलला फरक पडत नाही, हे काकांनाही ठाऊक होतं. पण ज्याला थांबायचंच आहे तो आधीपासून ब्रेक लावतो. टिप बॉलपलीकडे वीतभर जाऊन कापडाजवळ विसावली तर समजावं की धडकेच्या वेळी क्यू मोकळा धावत होता. हवेत वर गेली तर वाटेत काहीतरी उचललं गेलं.


अनुस्वार :

सुंदर प्रतिसाद. मी कॅरमवाली, पूल नवीन आहे. एक शंका. कॅरममध्ये स्ट्रायकर चपटा, तो बोर्डवर सरकतो, त्यामुळे असा उलटा फिरणं वगैरे प्रकारच नाही. पूल खेळताना माझा हात आपोआप तोडून मारतो, सोडून देत नाही. हे कॅरमच्या सवयीमुळे असेल का?


मार्करचा_पुतण्या :

असू शकतं ताई. कॅरममध्ये बोटाचा टिचका असतो, इथे हात झोक्यासारखा मागे-पुढे जायला हवा. व्हाईटशिवाय सराव करा. टेबलावर नुसता क्यू धरायचा, हेड स्ट्रिंगच्या (ब्रेकच्या बाजूच्या आडव्या) रेषेवरून मागे-पुढे न्यायचा आणि प्रत्येक वेळी मोकळा सोडायचा. टिप रेषेवरून हलली का तेवढंच बघायचं. थोड्याच दिवसांत हात बदलेल.


खडूवाली :

नाशिकची आहे. कॉलेजच्या टीममध्ये होते, आता नव्या मुलींना शिकवते. रेषेबाहेर, तुम्ही खाली मारत आहात की तुम्हाला तसं वाटतंय हे आधी तपासा. एक सोपी पद्धत आहे.

पट्टेवाला बॉल घ्या, समजा ११ नंबर. तो क्यू बॉलच्या जागी असा ठेवा की पट्टा आडवा, टेबलाला समांतर राहील. पट्टा साधारण बॉलच्या निम्म्या व्यासाइतका रुंद असतो, त्यामुळे त्याची खालची कड जवळजवळ मिसक्यूच्या हद्दीवर येते. टिपेला ताजा चॉक लावा आणि समोर काही न ठेवता नेहमीचा बॅक मारा. बॉल थांबला की उचलून बघा. टिप लागली तिथे चॉकचा निळा ठिपका असतो. तो पट्ट्याच्या खालच्या कडेला लागून, किंचित आत असेल तर उत्तम. बहुतेक मुलींचा ठिपका मध्याच्या जेमतेम खाली निघतो आणि त्यांना पटतच नाही, कारण डोळ्यांना टिप खाली दिसत होती.

असं का होतं तेही सांगते. टिप गोलसर असते आणि बॉलही गोल. खालच्या बाजूला टिपेचं टोक लागत नाही, तिचा वरचा खांदा लागतो. क्यूची मधली रेषा १४ मिलिमीटर खाली रोखलीत तरी प्रत्यक्ष स्पर्श दहा-अकराच्या आसपासच होतो. म्हणून डोळ्यांना वाटतं त्याहून खाली नेम धरायला हवा. मनात मिसक्यूची भीती असते ना, ती शेवटच्या झोक्याला टिप हळूच वर घेते. ठिपका पाहिला की भीती जाते, कारण हद्द किती लांब आहे ते दिसतं.

टिपही बघून घ्या. पार्लरच्या क्यूंची टिप बहुतेक वेळा दाबून सपाट झालेली, कडेने पसरलेली, वरून गुळगुळीत चकाकणारी असते. तिला चॉक धरतच नाही. टिपेची गोलाई साधारण एक रुपयाच्या नाण्याच्या कडेइतकी हवी. नाणं टिपेपुढे धरून बघायचं. पृष्ठभाग जरा खरबरीत हवा, बारीक सँडपेपर हलक्या हाताने फिरवला तरी पुरतं. चॉक दर शॉटला लावा, आणि घासून भोक पाडल्यासारखा नको, ब्रश फिरवावा तसा हलका, सगळीकडे.


वाटसरू_टेक्सास :

भारताबाहेरून लिहितोय, इथे बारमधल्या सात फुटी टेबलांवर लीग खेळतो. नाणी टाकून चालणाऱ्या टेबलांत व्हाईट पॉकेटमध्ये पडला की परत वेगळा काढायला यंत्रणा लागते. त्यासाठी जुन्या टेबलांवर व्हाईट बाकीच्या बॉलपेक्षा मोठा किंवा जड असायचा, काही ठिकाणी चुंबकाला ओढला जाणारा असतो. जड व्हाईटवर बॅक घेणं महाकठीण! धडकेनंतरही त्याच्याकडे पुढचा वेग उरतो आणि तो आधी बॅकला खाऊन टाकतो. त्या टेबलावर भले भले खेळाडू बॅक टाळून फॉलोनेच (व्हाईट पुढे चालवून) पोझिशन घेतात. तेव्हा आधी तुमच्या पार्लरचा व्हाईट बाकी बॉलच्याच सेटमधला आहे का ते विचारा. हरवला की कुठलाही आणून ठेवतात.


रेषेबाहेर :

सगळ्यांचे मनापासून आभार. खडूवाली ताईंची पट्टेवाली चाचणी काल करून पाहिली. जवळच्या शॉटला ठिपका चांगला खाली, पट्ट्याच्या कडेजवळ. पण लांबचा शॉट म्हणून जोर लावला की ठिपका थेट पट्ट्याच्या मधोमध! पार्लरचा पोरगाही बघायला आला, त्याचाही तसाच निघाला. म्हणजे जवळ बॅक येतो आणि लांब येत नाही याला माझ्या बाबतीत दोन कारणं एकत्र आहेत. फिरकी वाटेत संपते, आणि मुळात जातानाच कमी असते. आता ब्रिज बसवण्यावर काम सुरू करतोय. सराव कोणत्या क्रमाने करू?


मार्करचा_पुतण्या :

बॅक सोडा, आधी स्टॉप शॉट करा. व्हाईट आणि समोरचा बॉल सरळ रेषेत, पॉकेटही त्याच रेषेत. व्हाईट धडकून जागीच थांबला पाहिजे, इंचभरही इकडे-तिकडे नाही. एक फुटावरून जमलं की दोन फूट, मग तीन, मग अर्धं टेबल. प्रत्येक अंतराला किती खाली मारावं लागतं ते हाताला कळू द्या. घर्षणगुणांक यांनी सांगितलंच की थांबणं म्हणजे धडकेच्या क्षणी फिरकी शून्य. म्हणजे स्टॉप शॉट हे तुमचं मोजमाप आहे. व्हाईट पुढे सरकला तर टिप वर लागली किंवा वेग कमी पडला. बाजूला गेला तर धडक पूर्ण नव्हती, म्हणजे पॉट झाला तरी नेम चुकला होता.

स्टॉप त्या अंतरावरून खात्रीने यायला लागला की तोच शॉट, तोच वेग, फक्त ब्रिज किंचित बसवायचा. बॅक त्याच्या पोटातूनच निघतो. अंतर वाढवायची घाई करू नका. काका मेंबरांना पांढऱ्यामागे चॉकचा ठोकळा ठेवून द्यायचे आणि सांगायचे, व्हाईट ठोकळ्याला टेकवून दाखवा, धडकवू नका. मागे किती आणायचा ते ठरवून मारलं तरच तो बॅक खेळात उपयोगी पडतो. टेबलभर मागे पळणारा व्हाईट बघायला छान वाटतो, पण पुढच्या बॉलला हवा असतो तो एक-दोन फूट, आणि नेमका.


जुनेपान :

धागा रंगला आहे, म्हणून थोडा इतिहास. क्यूच्या टोकाला कातड्याची टिप बसवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फ्रांस्वा मँगो या फ्रेंच कप्तानाला देतात. त्याआधी नुसत्या लाकडाच्या टोकाने मारायचे. लाकूड बॉलवर घसरतं, त्यामुळे मध्य सोडून फार दूर मारताच येत नसे. कातड्याने बॉलला पकड मिळाली आणि बॅकसारखे शॉट भरवशाने खेळता येऊ लागले. पुढे १८३५ मध्ये कोरिऑलिस या फ्रेंच गणितज्ञाने बिलियर्डच्या बॉलची गती आणि फिरकी यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. वाऱ्यांच्या आणि सागरी प्रवाहांच्या वळण्याला ज्याचं नाव आहे तोच हा. आपण वापरतो तशा चॉकचं पेटंट १८९७ चं, विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स या दोन अमेरिकनांचं. त्यांनी साध्या खडूऐवजी सिलिका आणि घासणारी पूड यांचं मिश्रण वापरलं.

आपल्याकडचं नातंही जुनं आहे. स्नूकरचा जन्म १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला असं मानतात. आणि भारताचे पहिले विश्वविजेते विल्सन जोन्स हे पुण्यात जन्मले. १९५८ साली कोलकात्यात आणि पुन्हा १९६४ साली न्यूझीलंडमध्ये ते हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेते झाले. बिलियर्ड्समध्ये कॅनन (एकाच फटक्यात दोन्ही बॉलना लागणं) आणि इन-ऑफ (दुसऱ्या बॉलला लागून व्हाईट पॉकेटमध्ये जाणं) करताना व्हाईट ठरवलेल्या वाटेनेच न्यावा लागतो, त्यामुळे स्क्रू, म्हणजे आपला बॅक, हा त्या खेळाचा कणाच आहे. पूल खेळणाऱ्या मुलांनी अधूनमधून बारा फुटी टेबलावर जरूर खेळावं. लांब अंतरावर स्क्रू टिकवायची सवय लागली की पूलचं टेबल लहान वाटायला लागतं.


पागोळी :

एक मुद्दा राहिला. पावसाळा. मी रत्नागिरीत खेळतो आणि जून ते सप्टेंबर बॅकचं गणित पूर्ण बदलतं. हवेतला दमटपणा कापडात उतरतो, कापड जड होतं, फिरकी लवकर मरते. त्यात बॉलवर हाताचा घाम आणि चॉकची पूड बसलेली. उन्हाळ्यात एसी लावलेल्या खोलीत जो बॅक तीन फूट येतो तो इथे फूटभरही येत नाही. म्हणून सराव करताना टेबल एकच ठेवा आणि निकालाचं खापर लगेच स्वतःच्या हातावर फोडू नका. बॉल खेळायला घेण्याआधी स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून कोरडे करायची परवानगी मागा, पार्लरवाले नाही म्हणत नाहीत. नवीन, गुळगुळीत विणीचं कापड असलेलं टेबल मिळालं तर एकदा मुद्दाम त्यावर खेळा. तिथे बॅक किती सहज टिकतो ते पाहून विश्वास वाढतो.


घर्षणगुणांक :

पागोळी, अगदी योग्य. घर्षण दीडपट झालं की फिरकी टिकण्याचं अंतर त्याच प्रमाणात घटतं, हे सरळ आहे. माझ्या गणितातला ०.२ हा आकडा कोरड्या, स्वच्छ टेबलासाठी धरा.


अनुस्वार :

अजून एक विचारते. सरळ शॉटला कळलं. पण समोरचा बॉल थोडा कटमध्ये असेल तर बॅक घेतलेला व्हाईट सरळ मागे न येता भलत्याच दिशेला जातो. ती दिशा आधी ओळखायची कशी?


घर्षणगुणांक :

कटमध्ये व्हाईटकडे आडवा वेग उरतो. धडकेनंतर तो आधी समोरच्या बॉलच्या वाटेशी काटकोन करून सुटतो, मग उलटी फिरकी त्याला वळवून मागे आणते. फिरकी नेमकी शून्य असेल, म्हणजे स्टन, तर तो काटकोनाच्या रेषेवरच राहतो. चांगला बॅक असेल आणि कट लहान असेल तर एक अंदाज फार उपयोगी आहे : कटचा कोन जितका, त्याच्या साधारण तिप्पट कोनात व्हाईट मागे येतो. म्हणजे १० अंशाचा कट असेल तर सरळ मागच्या रेषेपासून सुमारे ३० अंश बाजूला. १५ अंशाला सुमारे ४५. बॅक कमी असेल तर कोन त्याहून मोठा होतो, व्हाईट जास्त बाजूला जातो. कट वाढत गेला की हा अंदाज सोडून द्यायचा.

जोर वाढवला तर व्हाईट आडव्या रेषेवर जास्त लांब जाऊन मग वळतो. मध्ये दुसरा बॉल असेल तर हे ध्यानात ठेवा, वळायच्या आतच तो त्याला धडकतो.


दणकेबाज :

तिप्पटवालं आज करून पाहिलं, छोट्या कटला खरंच बसतं. आणि मनगट सैल ठेवून, झटका न देता मारलं तर पॉट जास्त जातायत हेही खरं. जोराबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे, अर्ध्या टेबलापलीकडे मोकळा आणि वेगवान हात लागतोच.


खडूवाली :

दणकेबाज, त्यावर दुमत नाहीच. मोकळा हात आणि जोराचा हात हे दोन वेगळे, एवढंच मी मुलींना सांगते. मागचा झोका पूर्ण घ्या, तिथे क्षणभर थांबा, आणि पुढे येताना वेग हळूहळू चढू द्या. घाईने मागून झटकलं की टिप हमखास वर येते. ठिपक्याची चाचणी अधूनमधून करत राहा, विशेषतः वेग वाढवताना.


रेषेबाहेर :

आता एक नियमाचा प्रश्न. व्हाईट आणि समोरचा बॉल अगदी जवळजवळ असताना काल बॅक घेतला. व्हाईट थोडा मागे आला, पण समोरचा खेळाडू म्हणाला फाऊल. कसा काय? मला तर एकच धडक दिसली.


मार्करचा_पुतण्या :

बरोबर असणार त्याचं. दोन बॉलमधलं अंतर चॉकच्या ठोकळ्यापेक्षा कमी असेल तर क्यू पुढे धावताना व्हाईटला दुसऱ्यांदा लागायचा धोका फार. व्हाईट समोरच्या बॉलवर आदळून क्षणभर थांबतो, तोवर टिप त्याच्या मागे पोहोचलेली असते. डोळ्यांना दिसत नाही, पण व्हाईट कसा वागला त्यावरून ओळखतात : बॅक मारूनही तो आधी पुढे ढकलला गेला, किंवा आवाज फटफट असा दुहेरी आला, तर दुहेरी स्पर्श. खालून खरवडून बॉल उडवणं हेही नियमात बसत नाही, मुद्दाम केलं तर फाऊलच.

अशा वेळी हवा तर अगदी आखूड, हलका स्ट्रोक घ्या. टिप दोनेक सेंटिमीटरच मागे न्यायची आणि बॉलला लागल्याबरोबर आवरायची. पकड इथे जरा घट्ट चालते. क्यू मागून थोडा उचलून मारणारेही आहेत, पण ते जमायला वेळ लागतो आणि कापड फाटायची भीती असते, पार्लरवाल्याला आधी विचारा. नाहीतर दुसरा शॉट शोधा. एवढ्या जवळून सेफ्टी (समोरच्याला सोपा बॉल न ठेवणारा बचावाचा शॉट) खेळणं बहुतेक वेळा जास्त फायद्याचं. आणि समोर पंच नसेल तर शॉट मारण्याआधीच दुसऱ्याला म्हणावं, "जरा बघ रे, जवळचा आहे." क्लबात हा रिवाज आहे, भांडण होत नाही.


रेषेबाहेर :

समजलं. शनिवारी पार्लर रिकामं असतं, तेव्हा अर्ध्या टेबलावरून स्टॉप शॉटच करणार. ठाणे-मुलुंडकडचं कोणी येणार असेल तर व्यनि करा, टेबलाचं भाडं वाटून घेऊ आणि पट्टेवाला बॉल मी पुसून ठेवतो.